आउटफॉलमध्ये शिरलेला समुद्र

मी ज्या प्लांटवर काम करतो तो जेद्दाच्या उत्तरेला, थुवालच्या वाटेवर, अगदी समुद्राला लागून आहे. आसपासच्या वसाहतींचं सांडपाणी तिथे येतं, टाक्याटाक्यांतून फिरत स्वच्छ होतं आणि बाहेर पडतं. मी तिथे ऑपरेटर. पंप चालू-बंद करायचे, गेट उघडायचं, दर दोन तासांनी मीटरवरचे आकडे लॉगबुकात लिहायचे. रत्नागिरीहून नवीन आलो तेव्हा या कामाची मला लाज वाटायची. गावी कुणी विचारलं तर "पाण्याच्या प्लांटवर आहे" एवढंच सांगायचो. कुठलं पाणी ते सांगत नसे. बायकोनंही माहेरी तसंच सांगून ठेवलं होतं.

पूर्वी स्वच्छ केलेलं सगळं पाणी समुद्रात जायचं. किनाऱ्यावर एक खोल चेंबर आहे, विहिरीसारखं. त्याच्या तळातून निघालेला पाइप समुद्राच्या तळावरून लांबवर जातो. माणूस वाकून आतून चालत जाईल एवढा तो जाड आहे. त्याच्या टोकाला ओळीनं उभ्या नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक रबरी झडप. आतून पाण्याचा जोर आला की झडप उघडते, जोर कमी झाला की मिटते. पाणी बाहेर जावं आणि समुद्र आत येऊ नये एवढ्यासाठी ती झडप. या सगळ्याला आम्ही आउटफॉल म्हणतो.

मग हिरवळीची योजना आली. रस्त्यांच्या कडेनं हजारो झाडं लागली आणि आमचं पाणी त्यांच्याकडे वळवलं. मला बरं वाटलं होतं. समुद्रात ओतून टाकण्यापेक्षा झाडाच्या मुळाशी गेलेलं काय वाईट? घरी मुलीला सांगायचो तसं कंपनीच्या बसमधून येता-जाता सोबत्यांनाही सांगायचो, ही झाडं आपल्या पाण्यावर आहेत. आउटफॉलकडे आता उरलंसुरलं तेवढं पाणी जायचं. एवढ्या मोठ्या पाइपात बारीकशी धार.

त्या चेंबरच्या बाजूला सखल जागा होती आणि तिथे चाचांची नर्सरी होती. चाचा म्हणजे आमच्या प्लांटचे माळी. श्रीवर्धनच्या बाजूचे, साठी ओलांडलेले. सौदीत तीस वर्षांहून जास्त काळ होते. त्यातली बरीचशी उत्तरेकडच्या वाळवंटात, हफ्र अल बातिनच्या धुळीत काढलेली. प्लांटवर आले तेव्हा त्यांना तेव्हाचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, तोंडी म्हणाला होता की रोपं तिथे खाली कर. तोंडीच. त्यांनी त्या सखल जागेत जाळीची सावली बांधली, बाजूला स्वतःसाठी पत्र्याची खोली उभारली, आणि कडुनिंबाची, कण्हेरीची, गुलमोहराची रोपं वाढवली. रस्त्याच्या कडेला जी झाडं दिसतात त्यातली कितीतरी त्यांच्या हातची. एका कोपऱ्यात अळू आणि कढीपत्ता होता, तो आम्हा गाववाल्यांसाठी. शुक्रवारी मी जेद्दाच्या शराफिया भागातल्या आमच्या घरी अळूची जुडी घेऊन गेलो की बायकोचा चेहराच बदलायचा. रोपांना पाणी ते छोट्या पंपानं त्या चेंबरमधूनच घ्यायचे. स्वच्छ केलेलं पाणी, हाताशी असलेलं. कुणाची हरकत नव्हती.

उन्हाळा सुरू होताना एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"भावा, जरा इकडे ये. हे बघ."

निंबाच्या रोपांची पानं कडेनं करपली होती. मधला भाग हिरवा आणि कडा तपकिरी, विस्तवाला लावल्यासारख्या.

"खत जास्त झालं असेल," मी म्हणालो.

"खत घालून चार महिने झाले. ऊन म्हणशील तर ऊन दर वर्षीच असतं." त्यांनी पंपाच्या नळाखाली ओंजळ धरली आणि मी "चाचा, नको" म्हणेपर्यंत जिभेचं टोक लावून थुंकलेसुद्धा. "खारवलंय पाणी."

मी हसलो. रोज फिल्टरच्या टाकीवरचा आकडा मीच लिहीत होतो, आणि तो नेहमीसारखा होता. पण चेंबरच्या पाण्याचा आकडा कुणीच घेत नव्हतं, कारण लॉगबुकात त्याचा रकानाच नव्हता. मी लॅबमधून हातातलं मीटर आणलं. वरच्या पाण्यात क्षार वाढलेले दिसले. मग बाटलीला दोरी आणि वजन बांधून तळाचं पाणी काढलं. मीटरनं जो आकडा दाखवला तो सांडपाण्याचा नव्हता, समुद्राचा होता. बॅटरीचा झोत टाकून खाली पाहिलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर बोटाच्या पेराएवढा खेकडा बसला होता आणि भिंतीला कालवांच्या पांढऱ्या शिंपांचा खरखरीत थर चढला होता.

मी मीटर पुन्हा बुडवलं, आकडा तोच. चाचांना मात्र काही नवल वाटलं नाही.

"तुमच्याकडे खाडीला लागून खारीची शेतं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"आहेत की."

"मग बांधाला उघाडी नाय पाहिलीस? आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडते आणि भरतीला फळी मिटून बसते. तशीच तुझी ही झडप. आतून रेटा असेल तर फळी चालते. रेटा गेला, फळीत शिंपले अडकले, की खारं पाणी आत. आणि ते जड असतं. तळाशी जाऊन बसतं. मग तू वरून थोडं थोडं गोडं पाणी सोडलंस तरी ते वरच्या वर तरंगत निघून जातं. खालचं हलत नाय."

"पण इथे भरती असते कुठे, चाचा? हातभरसुद्धा चढत नाही."

"दार उघडं राहिलं तर चोराला भरती कशाला लागते?"

मी खाडीकाठचा माणूस. लहानपणी उघाडीच्या फळीवर बसून गळ टाकलेला. तरी वर्षभर त्या चेंबरवरून ये-जा करताना मला हे सुचलं नव्हतं.

आमचा इंजिनिअर इजिप्तचा. त्यांच्यात इंजिनिअरला बशमुहंदिस म्हणतात, तेच आम्हीही म्हणायचो. माणूस चांगला होता, माझ्याच वयाचा. त्यानं येऊन पाहिलं, बाटलीतलं पाणी उजेडात धरलं. मग सांगितलं की दोन गोष्टी कराव्या लागतील. आधी अर्धा दिवस सगळं पाणी, सगळे पंप लावून, आउटफॉलमधून पूर्ण जोरानं सोडायचं. म्हणजे आत बसलेला समुद्र आणि गाळ बाहेर फेकला जाईल. मग पाणबुडे उतरवून झडपा साफ करायच्या, फाटलेल्या बदलायच्या.

"नाही केलं तर?" मी विचारलं.

"रोजच्या दिवशी काही होणार नाही. ज्या दिवशी खरंच या पाइपची गरज पडेल, त्या दिवशी तो पाणी घेणार नाही."

त्यानं पत्र लिहिलं. मुदीरचं उत्तर आलं की उन्हाळ्यात झाडांचं पाणी अर्धा तासही तोडता येणार नाही, उन्हाळ्यानंतर बघू. हे चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि झाडं खरोखरच त्या पाण्यावर जगत होती. पाणबुड्यांची फाइल मोठ्या ऑफिसला गेली. तिथून उत्तर यायचं, काम चालू आहे. बशमुहंदिसला विचारलं की तो खांदे उडवून म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या, देवाची इच्छा असेल तर. सुरुवातीला तो हसून म्हणायचा. पुढे पुढे हसणं गेलं.

मी लॉगबुकात रोज लिहीत गेलो: चेंबरमध्ये खारं पाणी, वर कळवलं आहे. एक वही संपली, दुसरी सुरू झाली. दोन्हींत तेच वाक्य.

एकदा मी माझ्या बुद्धीनं करून पाहिलं. शुक्रवार होता, ऑफिस बंद. दोन पंप आउटफॉलकडे वळवले. वाटलं, अर्धा दिवस नाही तर निदान तासभर तरी. चेंबरमधलं पाणी ढवळून वर आलं, करडं, सडलेल्या मासळीच्या वासाचं. मला फार आनंद झाला. वीस मिनिटांत जेद्दाच्या कंट्रोल रूममधून फोन आला की झाडांच्या लाइनचा दाब का पडला. मी खरं ते सांगितलं. रविवारी माझ्या नावानं ताकीदपत्र आलं. बशमुहंदिसनं ते माझ्या हातात देताना नजर चुकवली.

घरी जेवताना हे बायकोला सांगत होतो. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते.

"पापा, आप उनको बोलते क्यों नहीं?"

"बोललोय ना. लिहिलंय पण."

"तो फिर?"

बायको म्हणाली, "त्यांना जेवू दे आधी."

चाचांनी चेंबरमधला पंप काढून टाकला. ते हातगाडीवर कॅन ठेवून फिल्टरच्या टाकीपाशी यायचे आणि मी नळ सोडायचो. दिवसाला दहा-बारा खेपा. रेतीतून हातगाडी ओढताना त्यांना धाप लागायची. मी म्हणायचो, थोडी रोपं सोडून द्या. ते म्हणायचे, "कुठली सोडू ते तू सांग." मी रोपांकडे बघायचो आणि मला सांगता यायचं नाही. अशा रीतीनं त्यांनी उन्हाळा काढला. काही रोपं गेली, पण बरीच तगली. ऑक्टोबरात निंबाला नवी तांबूस पालवी फुटली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवली.

उन्हाळा संपला. मी पत्राची आठवण करून दिली. बशमुहंदिसनं पुन्हा पत्र लिहिलं. मुदीर सुट्टीवर होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी बसमधून उतरलो तर समुद्रावरचं आभाळ काळंनिळं झालं होतं. इथे पाऊस वर्षाकाठी एकदोनदाच पडतो, पण पडतो तेव्हा शहराला उसंत देत नाही. नऊच्या सुमारास सुरू झाला. रस्त्यांवरचं पाणी गटारांत शिरलं आणि आमच्याकडे येणारी आवक चढायला लागली. झाडांना त्या दिवशी पाणी नको होतं, म्हणून कंट्रोल रूमनं ती लाइन बंद केली. आता सगळं पाणी जायला एकच वाट होती.

मी आउटफॉलचं गेट पूर्ण उघडलं. चेंबरमधली पातळी जरा वेळ स्थिर राहिली. मग ती चढू लागली. मी पंपांचा आवाज ऐकत होतो आणि आकडा बघत होतो. पाणी ढकललं जात होतं, पण पुढे सरकत नव्हतं. आत समुद्र बसलेला होता, गाळ होता, नळ्यांच्या तोंडांत कालवं होती.

बशमुहंदिसला फोन केला. तो रस्त्यात अडकला होता, भुयारी रस्त्यात गाड्या तरंगत होत्या. "बायपास," तो ओरडला. "मुदीरला विचार." बायपास म्हणजे थेट किनाऱ्यावर पाणी सोडायचं दुसरं गेट. त्याला कुलूप असतं. किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात होती, पण लेखी परवानगीशिवाय ते उघडणाऱ्याची नोकरी जाते, हे गेटवरच तीन भाषांत लिहिलेलं आहे. मुदीरला फोन लावला.

"थांब," तो म्हणाला. "मी वर विचारतो. तोवर काही करू नकोस."

मी थांबलो. खण उघडून किल्ली हातात घेतली आणि थांबलो. हे मला लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे. तेव्हा मला ताकीदपत्र आठवत होतं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आठवत होता, मुलीचं शाळेचं वर्ष आठवत होतं. खिडकीतून दिसलं, चेंबरचं लोखंडी झाकण एका बाजूनं उचललं गेलं आणि त्याखालून पाणी बाहेर सांडायला लागलं. ते उताराला, नर्सरीकडे चाललं होतं.

चाचा पावसात उभे राहून वाळूच्या पिशव्या लावत होते. एकटेच. मी पुन्हा फोन लावला, तो व्यस्त होता. मग पॅनेल सोडून खाली धावलो. ऑपरेटरनं पॅनेल सोडायचं नसतं, पण आता तिथे बसून करण्यासारखंही काही नव्हतं. आम्ही दोघांनी रोपांचे ट्रे उचलून वरच्या रस्त्यावर न्यायला सुरुवात केली. एका खेपेला दोन ट्रे. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. त्याला वास सांडपाण्याचा होता आणि ओठांवर उडालेला शिंतोडा खारट होता.

"किल्ली नाय तुझ्याकडे?" चाचांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा ट्रे उचलला.

परवानगीचा मेसेज आला तेव्हा सावलीची जाळी कोसळली होती आणि पाणी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत शिरलं होतं. मी धावत जाऊन गेट उघडलं. तासाभरात सगळं उतरलं. एवढं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. नर्सरीच्या जमिनीवर मिठाची पांढरी खपली धरली. वाचवलेले ट्रे मोजकेच होते, बाकी सगळं तीन-चार तास त्या पाण्यात उभं राहिलेलं. चाचांनी पुन्हा हातगाडी काढली. गोडं पाणी ओतून ओतून मीठ धुवायचा प्रयत्न केला. मी दिवसभर नळ सोडून द्यायचो, कुणी विचारलं तर बघू म्हणून. कुणी विचारलंच नाही. दहाव्या दिवसापर्यंत पानं गळून काड्या राहिल्या. अळूचे कांदे कुजले.

"खारीत एकदा भरती शिरली की धुवायला तीन पावसाळे लागतात," चाचा म्हणाले. "इथे तीन पावसाळे कुठून आणायचे?"

त्यानंतर अहवाल आला. पावसाचं प्रमाण असाधारण होतं, असं त्यात होतं. यंत्रणा व्यवस्थित काम करत होती, असंही होतं. आणि एक वाक्य होतं, की नुकसान झालेली नर्सरी माळ्यानं सखल जागेत विनापरवाना केली होती. खाली ड्यूटीवरचा ऑपरेटर म्हणून माझ्या सहीची जागा.

"हे वाक्य काढा," मी बशमुहंदिसला म्हणालो. "माझ्या दोन वह्या आहेत. रोज लिहिलंय मी."

"वह्या मोठ्या ऑफिसनं मागवून घेतल्या, काल." त्यानं डोळे चोळले. "माझीही पत्रं आहेत. मला कुणी विचारलं नाही. हे वाक्य वरून आलंय. चाचांचं वय झालंय, त्यांचा इकामा तसाही वाढणार नव्हता. तू सही केली नाहीस तर दुसरी शिफ्ट करेल आणि तू पण जाशील. खलास."

मी सही केली. पेन चालत नव्हतं, त्यानं स्वतःचं काढून दिलं.

त्या अहवालाची एक प्रत चाचांनाही मिळाली, फायनल एक्झिटच्या, म्हणजे कायमचं मायदेशी पाठवायच्या कागदांसोबत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते कागद घेऊन माझ्याकडेच आले.

"वाच बघू काय लिहिलंय."

मी वाचलं. मराठीत सांगत गेलो. पाऊस फार झाला, यंत्रणा ठीक होती, नर्सरीचं नुकसान झालं. त्या वाक्यापाशी अडखळलो आणि ते गाळून पुढे गेलो.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन होईना, मी मीटर बघायचं निमित्त करून उठलो.

चाचा गावी परतले त्यानंतर महिन्याभरात आउटफॉल धुवायची परवानगी आली. कुणी पुन्हा काही मागितलं नव्हतं, आपोआप आली. गुरुवारी सकाळी सगळे पंप लावले. पहिला तास काही घडलं नाही. मग किनाऱ्यापासून दूर समुद्रावर काळपट डाग वर आला आणि पसरत गेला. बशमुहंदिस माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभा होता. पुढे पाणबुडे उतरले. त्यांनी टोपल्या भरून कालवं काढली आणि फाटक्या झडपांपैकी निम्म्या बदलल्या. उरलेल्या झडपा पुढच्या वर्षाच्या खर्चात धरल्यात असं सांगतात. नर्सरीच्या जागेवर मुरूम टाकून गाड्या उभ्या करायची सोय केली आहे.

रमजान ईदच्या दिवशी चाचांना फोन केला. मुबारक झाली, तब्येतीचं विचारून झालं. गुडघे दुखतात म्हणाले, मशिदीपर्यंत जातात तेवढं पुरे. ते कागद माझ्या डोक्यातून गेले नव्हते. मी म्हटलं, "चाचा, मला एक सांगायचं होतं. तो रिपोर्ट मी वाचून दाखवला ना..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "इथे आल्यावर पुतण्यानं वाचला. सही तुझी आहे ते पण बोलला." "तू तेव्हा वाचताना थांबलास ना, तेव्हाच समजलो होतो."

"मग काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू तरी काय करणार होतास?"

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मग मुलीची चौकशी केली, कितवीत गेली विचारलं. बायकोला सलाम सांगितला. मी हो म्हणालो. मागून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली आणि ते "ठेवतो रे" म्हणून गेले.